पाण्याची टाकी म्हणून दाखवू का?

प्रश्न : घरामागच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव बांधायचं ठरवलंय. आठ बाय चार मीटर, एका टोकाला एक मीटर खोल, दुसऱ्या टोकाला पावणेदोन. ठेकेदाराचं म्हणणं, स्वतःच्या जागेत खड्डा खणायला परवानगी कसली? छप्पर नाही, भिंत जमिनीच्या वर येत नाही, म्हणजे ते बांधकामच नव्हे. अगदीच कोणी विचारलं तर नकाशात पाण्याची टाकी म्हणून दाखवू. बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, आधी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात जाऊन विचारून या. इकडे फक्की टाकून आखणी झाली आहे आणि खोदायचं यंत्र सोमवारी यायचं आहे. शेजाऱ्यांची भिंत आखणीपासून एक मीटरवर आहे. ते भिंतीवरून बघतात, बोलत काही नाहीत. घरात मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. परवानगी खरोखर लागते का? लागत असेल तर आधी बांधून मग नियमित करून घेता येईल का? आणि एवढ्याशा तलावात कार्यालयातले लोक बघतात तरी काय?
– एक वाचक

उत्तर : सोमवारचं यंत्र थांबवा. त्यानंतर हे उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही गावाचं नाव लिहिलेलं नाही. त्यामुळे तुमच्याकडे हद्दीपासून किती अंतर सोडायला सांगतात, फी किती, नकाशाच्या प्रती किती, हे मी सांगू शकत नाही. ते जागोजागी वेगळं असतं, कधी कधी एकाच गावातल्या दोन वस्त्यांना वेगळं. पण मी बरीच वर्षं नकाशे तपासायच्या टेबलामागे बसले आहे. तलावाचा नकाशा समोर आला की विचारायचे प्रश्न कुठेही गेलं तरी तेच असतात, कारण पाणी, माती, वीज आणि साडेतीन वर्षांचं मूल, या चौघांचे स्वभाव गावागणिक बदलत नाहीत.

आधी ठेकेदाराचा मुद्दा घेऊ. छप्पर नाही म्हणजे बांधकाम नाही, हे ऐकायला बरं वाटतं. पण बांधकामाच्या बहुतेक नियमावल्यांत खोदकाम आणि जमिनीखालची कामंही धरलेली असतात. सूट असते, नाही असं नाही. फ्रान्समध्ये 10 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या तलावाला, संरक्षित परिसर सोडले तर, काही कळवावं लागत नाही. 10 ते 100 चौरस मीटरला आगाऊ कळवून होकार मिळवावा लागतो आणि त्यापुढे रीतसर परवाना. इंग्लंडमध्ये तलाव, शेड वगैरे मिळून घराभोवतीची निम्म्याहून जास्त जागा व्यापली जात नसेल, तर सहसा वेगळी नियोजन परवानगी लागत नाही. तुमचा तलाव 32 चौरस मीटरचा. म्हणजे फ्रान्समध्ये असतात तर अर्ज करावाच लागला असता, इंग्लंडमध्ये कदाचित सुटला असतात. पण एक गल्लत करू नका. अर्ज लागत नाही याचा अर्थ नियम लागत नाहीत असा नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये 1992 चा पोहण्याच्या तलावांचा कायदा आहे. त्यात 300 मिलिमीटरहून खोल पाणी राहू शकेल असं पोहण्याचं कुठलंही भांडं तलावच धरतात. दुकानातून आणून हवा भरलेला प्लॅस्टिकचा तलावसुद्धा त्यात येतो. फूटभर पाणी!

आता ती टाकी. तुमचा ठेकेदार काही नवीन शोध लावत नाहीये, ही युक्ती मी जन्मभर बघत आले. एकदा एका स्थळपाहणीला गेले होते. मंजूर नकाशात 'भूमिगत पाणीसाठा' असं लिहिलेलं. जागेवर बघते तर टाकीला एका बाजूनं पाच रुंद पायऱ्या. मी विचारलं, टाकीला पायऱ्या कशाला? मालक म्हणाले, साफ करायला उतरायला. बरं, आणि आत भिंतीत चार दिव्यांची खोकी? रात्री साफ करायची झाली तर. आणि या निळ्या फरशा? इथं मात्र त्यांनी ठेकेदाराकडे बघितलं, ठेकेदारानं आभाळाकडे. मालक तसा सज्जन माणूस. सही त्याची होती, आर्किटेक्टची होती, ठेकेदाराची कुठेच नव्हती. तुमच्या बाबतीतही तेच होईल. अर्जावर 'वरील माहिती खरी आहे' याखाली तुम्ही सही करणार. उद्या घर विकताना, विम्याचा दावा करताना किंवा देव न करो, काही अपघात झाल्यावर तो कागद तुमच्यासमोर येईल. टाकी म्हणून मंजूर झालेल्या खड्ड्यात पोहणारा माणूस कसा आला, याचं उत्तर कोणालाच नीट देता येत नाही.

कळणार कसं, असंही ठेकेदार म्हणाला असेल. वरून. 2010 च्या सुमारास ग्रीसमध्ये अथेन्सच्या उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांतल्या 324 जणांनी करविवरणात आपल्याकडे तलाव असल्याचं लिहिलं होतं. उपग्रहाची छायाचित्रं काढून मोजले तर 16,974 भरले. हे आकडे तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते. फ्रान्सच्या करखात्यानं 2022 मध्ये हवाई छायाचित्रं संगणकाकडून तपासून घेतली आणि सुरुवातीच्या नऊ विभागांतच न कळवलेले 20,000 हून जास्त तलाव शोधले. निळा चौकोन आभाळातून लपत नाही. आणि आभाळ राहू द्या, तुमच्याकडे तर भिंतीवरून बघणारे शेजारी आहेत.

त्या शेजाऱ्यांच्या भिंतीपासूनच सुरू करू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात काळजीचा आकडा तो एक मीटरचा आहे. तलाव पावणेदोन मीटर खोल म्हणजे खड्डा पावणेदोन मीटरचा नव्हे. खाली भराव, त्यावर काँक्रिटचा तळ, हे धरून खोल टोकाला दोन मीटरच्या पुढेच जातो. रुंदीतही तसंच. तलावाची भिंत वीस-पंचवीस सेंटिमीटरची, शिवाय सळईकाम करणाऱ्याला आणि फळ्या मारणाऱ्याला उभं राहायला जागा हवी. आखणीतला एक मीटर प्रत्यक्षात अर्ध्या मीटरवर येतो. आता शेजाऱ्यांच्या भिंतीचा पाया समजा 60 सेंटिमीटर खोल आहे. पायाच्या तळापासून 45 अंशांत खाली एक तिरकी रेघ ओढा. त्या रेघेच्या वरची माती तुम्ही काढू शकता, खालची पायाला धरून ठेवणारी आहे. अर्ध्या मीटरवर ती रेघ जमिनीपासून 1 मीटर 10 सेंटिमीटरवर असते आणि तुम्ही खणणार दोन मीटर! मधली 90 सेंटिमीटर माती शेजाऱ्यांच्या भिंतीची आहे असं समजा, सातबारा कोणाच्याही नावावर असो. 45 अंश हा टेबलावरचा अंदाज आहे. ओल्या किंवा भुसभुशीत मातीत तेवढाही भरवसा धरता येत नाही. म्हणून कार्यालयं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, मागतात. ते मागतात त्याहून कमी अंतर ठेवायचं तर बाजूला आधार देऊन खोदायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणायची. विचारायला गेलात की एक गोष्ट मुद्दाम विचारा : अंतर पाण्याच्या कडेपासून मोजता, भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून, की काठावरच्या फरशीपासून? या एका प्रश्नाचं उत्तर न घेतल्यानं परत आलेले नकाशे मी मोजलेले नाहीत, पण गठ्ठे बघितलेत.

जमिनीखाली काय जातं तेही नकाशात दाखवावं लागतं. मलवाहिनी, सेप्टिक टँक आणि त्याचं शोषखड्ड्याचं पाणी, केबल, गॅसची नळी. काही जागांवरून अशा वाहिन्यांसाठी पट्टा राखून ठेवलेला असतो, त्यावर कायमचं काही बांधता येत नाही आणि तो जागेच्या कागदांत असतो, जमिनीवर दिसत नाही. वर तारा असतील तर त्याही बघतात. लोकांना वाटतं तलाव खाली, तारा वर, संबंध काय? तलावातली पानं काढायची जाळी असते ना, तिची दांडी ॲल्युमिनियमची असते आणि लांब करत नेली की चार-पाच मीटर होते. ओल्या पायांनी, ओल्या काठावर उभं राहून ती दांडी कोणीतरी सरळ वर करतं. एवढा संबंध.

मातीबद्दल ठेकेदार बोलणार नाही, म्हणून मी बोलते. भूजल वर येणारी जागा असेल तर रिकामा तलाव ही होडी असते. तुमच्याच मापाचं गणित करून बघितलं. तळ आणि भिंती वीस सेंटिमीटरच्या धरल्या तर काँक्रिटच्या कवचाचं वजन साधारण 35 टन भरतं. आजूबाजूच्या मातीतलं पाणी काठापर्यंत चढलं तर त्या कवचाला वर ढकलणारा जोर सुमारे 58 टनांचा. तलाव भरलेला असेपर्यंत आतलं 44 टन पाणी त्याला दाबून ठेवतं. तो रिकामा केला की कोण दाबणार? एका बंगल्यात भर पावसाळ्यात तलाव धुवायला म्हणून रात्री उपसला. सकाळी खोल टोक वीतभर वर आलेलं, काठाच्या फरशा दातांसारख्या उभ्या, पाइप तुटलेले. मालक म्हणत होते भूकंप झाला. यावर उपाय तसा साधा आहे. तळाखाली खडीचा थर, त्यातलं पाणी बाहेर घेणारी नळी आणि तळात दाब सोडणारी झडप. पण हे सगळं काँक्रिट पडायच्या आधी घालायचं असतं. नंतर नियमित करून घेऊ या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

कुंपणाबद्दल मी जास्त लिहिणार आहे. तुमच्याकडे साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा होता. सगळी तलावात नव्हेत; नदी, विहीर, तळं, सगळं त्यात आलं. पण या वयाचं मूल बुडतं कसं, ते पाणी कुठलंही असलं तरी सारखंच असतं. ते हाक मारत नाही, हात हलवत नाही. डोकं पाण्याखाली जातं आणि आवाज थांबतो. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणूनच त्याला सगळं ठीक वाटत असतं.

म्हणून जगातल्या तलावांच्या नियमांत सगळ्यात बारीक मापं कुंपणाची आहेत. न्यू साउथ वेल्समध्ये कुंपण किमान 1.2 मीटर उंच, खालची फट 100 मिलिमीटरहून कमी. अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी जी नमुना नियमावली वापरतात तिच्यातही उंची जवळपास तेवढीच, 48 इंच, आणि गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. चार इंच का? कारण फट मोठी असली तर मूल आरपार जाऊ शकतं, किंवा अंग जाऊन डोकं अडकू शकतं, दोन्ही टाळायचं. ऑस्ट्रेलियात आणखी एक माप आहे, 900 मिलिमीटरचं. कुंपणाच्या तेवढ्या पट्ट्यात पाय ठेवून चढता येईल असं काही नको. आडवी पट्टी नको, कुंडी नको, पंपाचं खोकं नको, झाडाची खाली आलेली फांदी नको. हे सगळ्यात जास्त मोडलं जातं, आणि तेही तपासणी होऊन गेल्यावर. दाखला मिळतो, महिन्याभरात कोणीतरी बसायला खुर्ची आणून कुंपणाला टेकवून ठेवतं.

दरवाजा तलावाच्या बाहेरच्या बाजूला उघडायला हवा. मूल ढकलतं, ओढत नाही. तो आपला आपण मिटायला हवा आणि कडी आपली आपण लागायला हवी. मी तपासायची तेव्हा दरवाजा सताड उघडून सोडत नसे. सताड उघडलेला दरवाजा जोरात येतो आणि बहुतेक वेळा लागतोच. मी तो दहा सेंटिमीटर उघडा धरायची आणि हात काढून घ्यायची. तेवढ्या अंतरावरून येऊन कडी 'टक्' वाजली तर पास. दहातले तीन-चार तिथं नुसते टेकून राहायचे, आणि दुरून बघणाऱ्याला ते बंदच दिसायचे. तुम्ही दरवाजा बसवून घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी हे करून बघा. पावसाळा झाल्यावर पुन्हा बघा, बिजागरी तोवर ढिली झालेली असते.

घराची मागची भिंत कुंपणाची चौथी बाजू म्हणून चालेल का, हेही कार्यालयात विचाराल. काही ठिकाणी चालते, पण मग त्या भिंतीतल्या दाराला अलार्म किंवा मुलाचा हात न पोचेल इतकी उंच कडी मागतात. काही ठिकाणी अजिबात चालत नाही. चालत असली तरी मी म्हणेन, चारही बाजूंनी वेगळं कुंपण घाला. मागचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. फ्रान्सच्या 3 जानेवारी 2003 च्या कायद्यानं जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना चारपैकी एक तरी साधन सक्तीचं केलं आहे : कुंपण, पाण्यावरचं मजबूत आच्छादन, अलार्म किंवा तलावावरचा बंदिस्त मांडव. नाही लावलं तर दंड 45,000 युरोपर्यंत जाऊ शकतो. या चारांत अलार्म मला सगळ्यात कमी आवडतो. मूल पाण्यात पडल्यावर तो वाजतो, कुंपण मात्र त्याला पाण्यापर्यंत पोचूच देत नाही.

तळातल्या निचऱ्याच्या जाळीकडे लोकांचं लक्षच नसतं. पंप चालू असताना एकाच तोंडातून पाणी ओढलं जात असेल आणि त्यावर मूल बसलं, तर ते तोंड त्याला इतक्या जोरानं धरून ठेवतं की मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून गेली. त्यानंतर 2007 मध्ये तिथं तिच्या नावानं केंद्रीय कायदा झाला आणि न चिकटणारी जाळीची झाकणं आली. तुम्ही नकाशात एका पंपाला दोन निचरे दाखवा, एकमेकांपासून किमान 90 सेंटिमीटर लांब. एकावर कोणी बसलं तरी पंप दुसऱ्यातून ओढेल. ठेकेदार म्हणेल, एकच पुरतो. पाणी काढायला एकच पुरतो, खरं आहे.

विजेचं थोडक्यात सांगते. पाण्याच्या आत 12 व्होल्टच्या वरचा दिवा नको. काठापासून दोन मीटरपर्यंत सॉकेट नको, आणि त्यापुढच्या दीड मीटरच्या पट्ट्यातही 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणाऱ्या आरसीडी स्विचशिवाय किंवा तशाच संरक्षणाशिवाय काही नको. ही मापं आंतरराष्ट्रीय विद्युत मानकातली आहेत, तुमच्याकडे थोडीफार वेगळी असू शकतील. तलावाच्या सळया, शिडी, रेलिंग, पंप, सगळे धातू तारेनं एकमेकांना जोडावे लागतात, म्हणजे एकाला हात आणि दुसऱ्याला पाय लावलेल्या माणसातून प्रवाह जात नाही. सळयांची ही जोडणीही काँक्रिटच्या आतच जाते. नंतर कोणी दाखवा म्हटलं तर काय दाखवणार?

पाणी कुठून आणणार आणि कुठे सोडणार, हा रकाना बहुतेक जण 'लागू नाही' लिहून टाकतात. तो लागू आहे. भरायला 44,000 लिटर. उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर वाफ धरली तर 32 चौरस मीटरवरून रोज 160 लिटर जाणार. आच्छादन घातलंत तर बरंचसं वाचतं. टंचाईत सगळ्यात आधी बंदी तलावावर येते. केपटाउनमध्ये 2018 च्या पाणीटंचाईत पालिकेच्या पाण्यानं तलाव भरायला, अगदी कमी झालेलं पाणी भरून काढायलाही, मनाई होती. आणि भरायची नळी पाण्यात बुडवून ठेवू नका. मुख्य वाहिनीतला दाब गेला की तीच नळी तलावातलं पाणी उलटं ओढून पिण्याच्या पाण्यात घालते. नळीचं तोंड पाण्यापासून वर, हवेत, एवढंच हवं. सोडायच्या पाण्याचं म्हणाल तर वाळूचा फिल्टर उलटा धुतला की क्लोरीनचं, गढूळ पाणी बाहेर पडतं. ते पावसाच्या गटारात सोडायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, कारण ते गटार थेट ओढ्याला मिळतं आणि ओढ्यातले मासे क्लोरीन सहन करत नाहीत. शेजाऱ्यांच्या झाडांत सोडायचं तर नावच नको.

तुम्ही विचारलेलं नाही, पण अशी पत्रं येतात त्यांत दर चौथ्याला तलाव गच्चीवर हवा असतो, म्हणून चार ओळी. सव्वा मीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला 1,250 किलो. राहत्या घराचा स्लॅब साधारण 200 किलोच्या हिशेबानं बांधलेला असतो. म्हणजे सहापट. स्लॅब खचेल तेव्हा आधी सांगून खचेल असं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी बांधून मग नियमित करणं. बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते, दंड भरून. पण नियमित करणं म्हणजे माफी नव्हे. जे अर्ज करून मंजूर झालं असतं तेवढंच नंतर नियमित होतं. हद्दीपासूनचं अंतर कमी पडलं तर तुम्ही तलाव सरकवू शकणार नाही. आणि तपासणारा विचारेल की सळई कोणत्या जाडीची, दर किती अंतरावर, झडप कुठे, धातूंची जोडणी कुठे. एक तर काँक्रिट फोडून दाखवा किंवा बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून दाखला आणा. दोन्हीत वेळ जातो, पैसा जातो आणि काठावरची फरशी जाते. रीतसर कामात याच गोष्टी चालता चालता बघून होतात. खड्डा झाल्यावर एकदा, सळई बांधून झाल्यावर काँक्रिटच्या आधी एकदा, नळ्यांत दाब देऊन त्या बुजवण्याआधी एकदा, आणि पाणी भरण्याआधी कुंपण. शेवटी पूर्णत्वाचा दाखला. दर वेळी माणूस येतो, पंधरा मिनिटं बघतो, शेरा मारतो. कधी कधी दोन दिवस येतच नाही आणि ठेकेदाराची माणसं बसून राहतात, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी ठेकेदाराशी करार करताना हप्ते या पाहण्यांना बांधून टाका : सळईवर शेरा आला की इतका, नळ्यांची चाचणी झाली की इतका. मग तपासणीसाला बोलावून आणायची घाई तुमच्याइतकीच त्यालाही होते.

अर्ज तुमच्या नावानं होऊ दे किंवा त्याच्या, पण परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय खोदकामाचा हप्ता देऊ नका. 'काढून ठेवलीय परवानगी, आणून देतो' हे वाक्य मी ऐकलेलं आहे.

या आठवड्यात तुमचं काम एवढंच. जागेचा मोजणी नकाशा आणि घराचा मंजूर नकाशा घ्या, त्यावर तलाव पेन्सिलीनं काढा आणि खोली लिहा. बायकोला बरोबर न्या. विचारायची कल्पना तिची होती आणि दोघं गेलं की उत्तरं नीट ऐकली जातात. खिडकीवर 'परवानगी लागते का' असं विचारू नका, 'लागते' किंवा 'नाही' एवढंच मिळेल. हद्दीपासून अंतर किती आणि कुठून मोजता, कुंपणाचा नियम कोणता, सोडायचं पाणी कुठे न्यायचं, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते का, आणि पाहण्या किती, असं एकेक विचारा आणि समोरच लिहून घ्या. तुमची वस्ती सोसायटीची असेल तर तिची ना हरकत वेगळी, तीही आधीच.

घरी परतताना शेजाऱ्यांकडे जा. त्यांच्या भिंतीचा पाया किती खोल आहे ते त्यांनाच विचारा. भिंत त्यांनीच बांधून घेतली असेल तर ठाऊक असेल, नसेल तर दोघं मिळून एका कोपऱ्यात हातभर खणून बघा. आणि त्यांच्या भिंतीचे आजचे फोटो काढून दोघांकडे ठेवा, जुनी भेग कोणती हे नंतर भांडून ठरवावं लागणार नाही. खोल टोक भिंतीकडे आहे की घराकडे, ते तुमच्या पत्रात नाही. भिंतीकडे असेल तर नकाशा द्यायच्या आधीच तलाव उलटा फिरवा, उथळ टोक भिंतीकडे घ्या आणि सगळी आखणी घराच्या बाजूला जेवढी सरकेल तेवढी सरकवा. घराच्या पायालाही तीच 45 अंशांची रेघ लावून.